पुढचं शून्य

टिळकवाडीत, शिलाई मशिनच्या दुकानावर मागची खोली,
दोन संगणक, एक कूलर,
आणि कुठल्याशा पतसंस्थेचं कॅलेंडर.
समोर ईरण्णा बसतो, गोकाकचा.
त्याला सरकारी तक्ते वाचता येतात, मला नकाशे.
दोघांनी मिळून एक अहवाल करायचाय,
सर्पदंशाचा.
बोट ठेवलं की जिल्हा उघडेल,
जिल्ह्यातून तालुका, तालुक्यातून होबळी,
होबळीतून गाव,
गावावर बोट ठेवलं की आकडा.
गुरुवारी बेंगळूरूला द्यायचाय.

नावांवर विसंबायचं नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं.
बेळगाव, बेळगांव, बेलगाम, बेळगावी:
यंत्राला ही चार वेगळी शहरं दिसतात.
(माणसांनाही दिसतात, पण तो आमच्या अहवालाचा विषय नाही.)
माळवाड्या तर तीन निघाल्या.
फलकावर एक उच्चार, तक्त्यात दुसरा,
दवाखान्याच्या वहीत नर्सच्या अक्षरातला तिसरा.
म्हणून क्रमांकानं जोडायचं.
क्रमांकाला काना-मात्रा नसते,
तो कुठल्याच भाषेत चुकत नाही,
असं मी ईरण्णाला ठासून सांगितलं.
तो म्हणाला, नोडोण.
बघू या.

मग कडा जुळवल्या.
अलीकडचा नकाशा एका साली मोजलेला,
पलीकडचा भलत्याच.
कोगनोळीजवळ दोन्ही शेजारी ठेवले
तर मध्ये पांढरी फट राहिली, केसाएवढी.
मोठी करून पाहिली: बावीस मीटर.
उपग्रहाच्या चित्रात त्या फटीत
तंबाखू वाळत घातलेली, एक बाज,
बाजेवर कुणीतरी पालथं झोपलेलं.
साप तिथंही असणारच.
नियम असा, की फट शेजारच्या मोठ्या तुकड्यात विरघळवायची.
बटण दाबलं.
त्याची झोप मोडली नसावी.

बुधवारी रात्री साडेनऊला बेरीज चुकली.
खानापूर तालुक्याचा आकडा एकशे त्रेचाळीस,
गावं मिळून एकशे छत्तीस.
ईरण्णानं कन्नडमध्ये मोजलं, मी मराठीत.
एळु, तो म्हणाला.
सात, मी.
सात जणांना तालुक्यात साप चावला होता
आणि कुठल्याच गावात चावला नव्हता.
नकाशा खाली सरकवत गेले,
आणि पश्चिमेला, जंगलाला टेकून,
एक गाव करडं.
करडं म्हणजे शून्य नव्हे.
करडं म्हणजे आम्हाला माहीत नाही.

फोन लावला. फिलोमिना बारदेस्कर, तिथल्या उपकेंद्राची नर्स.
"काय करूलालीस गं एवढ्या रात्री?"
विचारलं, तुमच्या गावाचा क्रमांक पाचच आकडी कसा?
"मी वहीत सहा लिवलेत. पुढं शून्य हाय.
नवीन वेगळं झालेलं गाव, शून्यापासनंच सुरू होतंय."
म्हणजे टाइप करताना तक्त्यानंच ते गिळलं.
पुढच्या शून्याला तक्ता मोजत नाही,
पुसून टाकतो, विचारतही नाही.

"सात जण ना? कोण ते सांगू?"
मी नको म्हणायच्या आत ती सुरू झाली:
यल्लूबाईची सून, भात कापताना, डाव्या पायाला.
दाद्या गवळी, पहाटे, गोठ्यात.
शाळेतली ती दोन भावंडं, एकाच रात्री.
सटूप्पा, तो वाचला नाही.
आणखी दोघं.
वहीचं पान उलटल्याचा आवाज आला नाही.
ईरण्णा ऐकत होता, पेन हातात,
आणि लिहायला आमच्याकडे रकानाच नव्हता.

मी पुढं शून्य घातलं.
करडं गाव फिकट केशरी झालं,
तालुका जुळला, जिल्हा जुळला,
वरपर्यंत सगळं एकदम, काही न घडल्यासारखं.

"आलं काय गाव?"
आलं.
"मग त्यात बघ की, लस किती हाय माझ्याकडं दिसतंय काय?"
मी म्हटलं, तो थर अजून यायचाय, सिस्टर.
"होय की," ती म्हणाली,
"इथंबी."